साहेबांसाठी नसलेली वही

शिक्षकाने शिकवावं, लिहिण्याच्या नादी लागू नये, हे मत आपल्याकडे इतक्या सहजपणे मांडलं जातं की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल तालुक्यात कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या खोलीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. कुणी म्हणेल, लिहायला वेळ मिळतो म्हणजे वर्गावर काम कमी असणार. कुणी म्हणेल, आधीच ढीगभर कागद भरतो, त्यात आणखी एकाची भर कशाला. एखादे ज्येष्ठ गुरुजी म्हणतील, तीस वर्षं एक ओळ न लिहिता शिकवलं आणि माझ्या हाताखालची मुलं आज डॉक्टर-इंजिनिअर झाली. या तिन्ही बोलण्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की, आज वर्गात काय घडलं, काय फसलं आणि का फसलं हे शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहिणं हा शिकवण्याचाच भाग आहे. तो भाग गळला की शिक्षकाचं स्वतःचं शिकणं थांबतं. आणि तो गळण्याचं कारण शिक्षकाचा आळस हे नाही. शिक्षकाला भरपूर लिहायला लावलं जातं, पण ते नेहमी चुकीच्या वाचकासाठी.

शिक्षक आज काय लिहितो ते आधी पाहू. जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचं कपाट उघडलं तर टाचण वह्या, मासिक आणि वार्षिक नियोजन, हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, पालकभेटीची वही, निकालपत्रकं, मूल्यमापनाच्या नोंदवह्या अशी चळत निघते. यू-डायसपासून आधारपर्यंतची माहिती मोबाईलवरून भरायची, ती वेगळीच. आपला शिक्षक कमी लिहितो असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण हे सगळं वाचणार कोण, असं विचारलं की खरी गोम कळते. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा चढत्या क्रमाने ते वर जाण्यासाठी लिहिलेलं असतं, आणि वरच्या माणसाला जे दिसायला हवं तेवढंच त्यात उतरतं. टाचणात पाठ नेहमी वेळेवर संपतो आणि उद्दिष्ट नेहमी साध्य होतं. 'आज पाठ फसला, निम्म्या वर्गाला काही कळलं नाही' असं लिहून त्याखाली सही घ्यायची सोय त्या वहीत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वर्णनात्मक नोंदी. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यामागची कल्पना चांगली होती. नुसते गुण न देता शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे पाहावं आणि त्याला काय जमतं, कुठे अडतं, कशात रमतं ते वाक्यांत लिहावं. शिक्षकाला निरीक्षक आणि लेखक बनवू पाहणारी एवढी मोठी संधी आपल्या शिक्षणव्यवस्थेने क्वचितच दिली असेल. तिचं पुढे काय झालं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. विषयवार तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, मोबाईलवरून गावोगाव फिरल्या, आणि सत्राच्या शेवटी त्यातली वाक्यं आळीपाळीने मुलांच्या नावांपुढे पडू लागली. कविता तालासुरात म्हणतो, उदाहरणं अचूक सोडवतो, परिसर स्वच्छ ठेवतो. ही वाक्यं एरंडोलच्या मुलाबद्दल जेवढी खरी तेवढीच गडचिरोलीच्या, म्हणजे ती कुणाबद्दलच खरी नाहीत. पण यासाठी शिक्षकाला दोष देण्याआधी साधा हिशोब करावा. तीस मुलं, आठ विषय, दोन सत्रं, प्रत्येकाला एकच नोंद धरली तरी एका वर्गाच्या 480 नोंदी होतात. त्या तपासणारा माणूस रकाना भरला आहे की नाही एवढंच पाहणार हे लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं. वाचलं जाणारच नाही ते लिखाण कुणीही नकलूनच काढेल. तेव्हा 'शिक्षकांना लिहायला लावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही' हा निष्कर्ष या अनुभवातून निघत नाही. तपासणीसाठी लिहायला लावलं की लिखाण मरतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता दुसऱ्या तऱ्हेचं लिखाण कसं असतं ते एका उदाहरणावरून पाहू. दुसरी-तिसरीच्या वर्गात 52 वजा 27 हे उदाहरण घातलं आणि काही मुलांनी उत्तर 35 काढलं. तपासताना लाल फुली पडते, फळ्यावर उदाहरण पुन्हा सोडवून दाखवलं जातं, पुढचा तास सुरू होतो. पण ज्या शिक्षकाला संध्याकाळी वहीत 'चार मुलांनी 35 लिहिलं' एवढं एक वाक्य लिहायची सवय आहे, तो पुढच्या वाक्याला अडखळतो. चौघांचं उत्तर एकच कसं? निष्काळजीपणा असता तर चार चुका चार प्रकारच्या झाल्या असत्या. मग उलगडतं की मुलांनी एककात 7 मधून 2 वजा केले आणि दशकात 5 मधून 2. मोठ्यातून लहान जातो हा नियम त्यांनी इमानाने पाळला, कारण एक अंकी वजाबाकी शिकवताना तोच नियम आपण त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. चूक मुलांच्या हातून झाली, पण तिचं मूळ शिकवण्यात होतं. उद्या हातचा पुन्हा घोकून घेण्याऐवजी काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवायला हवेत, हे त्या दुसऱ्या वाक्याने सुचवलं.

भाषेच्या तासाला तर खानदेशातल्या शिक्षकापुढे अशी सामग्री रोज येऊन पडते. अहिराणी बोलणाऱ्या घरातलं पोर वहीत लिहितं, 'माले भूक लागनी'. शिक्षक दोन ठिकाणी फुली मारून 'मला भूक लागली' असं करून देतो. पुढच्या पानावर तेच मूल 'तो पडना' लिहितं. पुन्हा फुली. महिनाभरात त्या वहीत अशा वीस फुल्या जमतात आणि मुलाची समजूत होते की आपल्याला लिहिताच येत नाही. या फुल्या शिक्षकाने एकदा आपल्या वहीत एकाखाली एक उतरवून घेतल्या तर त्याला दिसेल की मूल चुकतच नाहीये. प्रमाण मराठीच्या भूतकाळात जिथे 'ल' येतो तिथे त्याच्या बोलीत पुष्कळ क्रियापदांना 'न' येतो, आणि पोर आपल्या बोलीचं व्याकरण बिनचूक चालवत असतं. वीस चुका म्हणून जे दिसत होतं तो एकच नियम होता. दोन्ही रूपं शेजारी-शेजारी मांडून अर्ध्या तासात तो वर्गाला समजावता येतो, शिवाय आईच्या बोलीची लाज वाटण्याऐवजी मुलाला तिची गंमत वाटते. हे कळायला पीएच.डी. लागत नाही. चुका एका पानावर गोळा झाल्या पाहिजेत, एवढंच लागतं. आणि त्या गोळा होतात कागदावर. तीस मुलांच्या गलक्यात, तासामागून तास घेताना डोक्यात गोळा होत नाहीत.

'अनुभव पुरेसा आहे' या आक्षेपाला इथेच उत्तर मिळतं. अनुभवाची किंमत मी कमी करत नाही. वर्गाचा नूर क्षणात ओळखणं, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे गप्प राहायचं हे कळणं, ही विद्या पुस्तकातून येत नाही. डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने 1983 मधल्या आपल्या ग्रंथात कसबी माणसाच्या याच ज्ञानाचा मोठा गौरव केला आहे. काम चालू असतानाच हातातून चालणारा विचार असतो, असं त्याने दाखवलं. पण कामानंतर मागे वळून करायचा विचार वेगळा, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्याही आधी, 1910 मध्ये, जॉन ड्यूई यांनी खरा विचार अडचणीपाशी सुरू होतो असं मांडलं होतं. अडचण जाणवायच्या आत विसरली गेली तर विचाराला आरंभच मिळत नाही. आणि स्मरणशक्ती अडचणी फार लवकर विसरते. तीस वर्षांच्या सेवेनंतर गुरुजींना इंजिनिअर झालेली मुलं आठवतात, कारण ती भेटायला येतात, पाया पडतात. सातवीतून शाळा सोडून गेलेला मुलगा भेटायला येत नाही. त्याला नेमकं कुठे अडलं होतं, हे कुठल्याच निकालपत्रकात नसतं. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला सुरुवात झाली की एरंडोल-धरणगावच्या पट्ट्यात कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर शेतात असतात. हजेरीपट त्याची नोंद एका अक्षरात करतो. परतल्यावर त्या मुलाचा कोणता धडा बुडाला होता, त्याला पुन्हा वर्गात ओढून घ्यायला काय केलं आणि ते का जमलं नाही, ही नोंद ठेवायची कुठे? ती न ठेवता मिळालेला अनुभव अर्धाच असतो, आणि नेमका यशाचा अर्धा.

शिक्षकाने लिहिणं ही गोष्ट खानदेशाला परकी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या काळात ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत आणि मुलांना वाचायला ठेवत. 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. साने गुरुजींचं नाव घेतलं की आपण डोळे पुसतो आणि विषय संपवतो. त्यांच्या हळवेपणाबद्दल इतकं बोललं गेलं आहे की त्यांच्या शिस्तीबद्दल बोलायचं राहून जातं. वर्गावर शिकवायचं, छात्रालयातल्या मुलांची उस्तवार करायची आणि त्यावर हस्तलिखित दैनिकही चालवायचं, हे ज्या माणसाने केलं त्याला लिहिणं हा शिकवण्यातला अडथळा वाटला नाही. दैनिक हे लिखाण वर पाठवायचं नव्हतं. ते मुलांसाठी होतं, आणि मुलं फसवी ओळ चटकन ओळखतात. पुढे धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती आज पुस्तकरूपाने आपल्या हाती आहेत, कारण साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. बोललेलं शहाणपण लिहिणारा भेटला तरच टिकतं, मग ते विनोबांचं असो की कासोद्याच्या शाळेतल्या एखाद्या बाईंचं.

'साने गुरुजी लाखात एक, सामान्य शिक्षकाला ते कसं जमावं' असं यावर म्हटलं जातं. मग बालशिक्षणात काम केलेल्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याकडे पाहू, कारण त्यांच्या लिखाणाची ताकद प्रतिभेपेक्षा प्रामाणिकपणात अधिक आहे. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' भारतभर शिक्षकांनी वाचलं. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर मोठ्या उमेदीने जातो, शांततेचा खेळ घेतो, तो पार फसतो आणि मुलांना सुट्टी देऊन मोकळं व्हावं लागतं. पुस्तकाची सुरुवातच अपयशाने होते. कथेचा बाज काल्पनिक असला तरी लिहिणारा बालमंदिरात रोज मुलांमध्ये वावरणारा होता. वाचणाऱ्या शिक्षकाला त्या पहिल्या दिवसात आपलाच वर्ग दिसतो, म्हणून तो पुढचं पान उलटतो. ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या. त्यांनी 'शिक्षण पत्रिका' मराठीत चालवली, 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना त्या कामातून निघाली. मुलं का येत नाहीत, हा प्रश्न 'पालक निष्काळजी' या शेऱ्यावर न संपवता त्यांनी तो उघडा ठेवला, पाहिलं, नोंदलं, दुसऱ्यांना कळेल असं लिहिलं. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आज वाचतानाही कामातली ठेच लपवलेली दिसत नाही. कापूस वेचणीला गेलेल्या मुलांचा प्रश्न आणि कुरणात गेलेल्या मुलांचा प्रश्न यांत फारसं अंतर नाही. अंतर पडलं आहे ते नोंदी कुणासाठी ठेवल्या यात.

लिहिल्याने मुलांचं शिकणं खरोखर सुधारतं का, असा रोखठोक प्रश्न कुणी विचारला तर तो टाळता कामा नये. लिहिणं आणि त्यावर सहकाऱ्यांशी बोलणं याची जुनी आणि पक्की घडी जपानमध्ये बसलेली आहे. एका शाळेतले शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात, मग चर्चा होते आणि तिचा वृत्तान्त लिहून ठेवला जातो. अमेरिकेत कॅथरीन लुईस आणि रिबेका पेरी यांनी या पद्धतीची अपूर्णांकांच्या बाबतीत काटेकोर चाचणी घेतली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. शिक्षकांचं आणि मुलांचंही अपूर्णांकांचं ज्ञान त्यात वाढलेलं दिसलं. त्याच वर्षी याच पद्धतीच्या इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि तिथे मुलांच्या गणितात वा वाचनात काहीही जादा प्रगती आढळली नाही. माझ्या बाजूचा पुरावा सांगून विरुद्ध बाजूचा दडवणं मला योग्य वाटत नाही. पण दोन्हींतला एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या हाती अपूर्णांक कसे शिकवावेत याची जपानी पाठ्यपुस्तकांवर आधारलेली भक्कम सामग्री होती. नुसतं जमून बोलायचं, असं ते काम नव्हतं. यावरून मी असं समजतो की शिक्षकाच्या लिहिण्याला विषयाच्या ज्ञानाची जोड नसेल तर ते आपल्याभोवतीच फिरत राहतं. 52 वजा 27 च्या चुकीपाशी थांबणाऱ्या शिक्षकाला स्थानिक किंमत नीट कळलेली नसेल तर दुसरं वाक्य सुचणार नाही. म्हणून लिहिण्याने वाचनाची गरज भागत नाही, उलट वाढते. आपल्याला नेमकं काय येत नाही हे लिहिणाऱ्याला आधी कळतं, आणि जळगावच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, प्रशिक्षणाला जाताना तो प्रश्न घेऊन जातो. प्रश्न न घेता प्रशिक्षणाला गेलेला माणूस प्रमाणपत्र घेऊन परत येतो.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उपदेशाने सुटणारा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हटलं आहे. तरीही माहिती भरण्याच्या कामांनी शिक्षकाचा दिवस कसा खाल्ला आहे, ते दोन शिक्षकांच्या शाळेत एक दिवस बसलं तरी कळेल. अशा माणसाला 'आता रोज आत्मचिंतन लिहा' असं सांगणं क्रूरपणाचं आहे, आणि शासनाने उद्या असं परिपत्रक काढलं तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी असेन. माझी मागणी उलट दिशेची आहे. नकललेल्या नोंदींचा ढीग आधी कमी करा. त्या 480 नोंदींच्या जागी शिक्षकाने सत्रभरात निवडक मुलांबद्दल खरोखर पाहून चार ओळी लिहिल्या तरी मूल्यमापनाचा मूळ हेतू आजच्यापेक्षा अधिक साधेल आणि वेळही वाचेल. वाचलेल्या वेळात आठवड्याला एक पान लिहिणं कुणाच्या जिवावर येणार नाही. एरंडोल हे एके काळी हाती बनवलेल्या जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेलं गाव. ब्रिटिश काळच्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. कागदाचा खरा उपयोग या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याला शिक्षणखात्यापेक्षा चांगला कळतो. तो रोज रात्री रोजकीर्द लिहितो ती कुणाला दाखवायला नाही. तोटा कुठे झाला ते आपल्यालाच कळावं, म्हणून.

आणखी एक आक्षेप अलीकडे ऐकू येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. शिक्षक लिहायला लागले की स्वतःची जाहिरात करू लागतात. 'उपक्रमशील शिक्षक' म्हणून नाव व्हावं, पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडायला कात्रणं मिळावीत, म्हणून लिहितात. मुलांचे फोटो, मुलांची नावं, त्यांच्या घरची गरिबी, कुणाचे वडील दारू पितात, सगळं चव्हाट्यावर येतं. हे होतं, आणि ते वाईट आहे. मूल शाळेत शिकायला येतं, शिक्षकाच्या लेखातलं पात्र व्हायला नाही. ज्या लिखाणातून गावाला मूल ओळखता येईल ते लिखाण छापू नये, भिंतीवर लावू नये, मोबाईलवर टाकू नये, याबाबत सवलत असता कामा नये. पण जाहिरातीचं लिखाण येतं कुठून ते पाहिलं पाहिजे. पुरस्काराचा प्रस्तावही वर जातो, तोही साहेबांसाठीच लिहिलेला असतो, फक्त तिथे भीतीच्या जागी आशा असते. म्हणून त्यातही पाठ कधी फसत नाही. शिक्षकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतही यशोगाथांची गर्दी दिसते. यशोगाथा वाचून दुसऱ्या शिक्षकाला काही शिकता येत नाही. त्याला दडपण तेवढं येतं. फसलेल्या पाठाची नोंद वाचली तर तो म्हणतो, माझ्याकडेही असंच झालं, मी मग असं करून पाहिलं. शिकणं तिथून सुरू होतं. जाहिरातीवरचा उपाय लिहिणं थांबवणं हा नाही. फसलेलं लिहिण्याची मुभा देणं हा आहे.

ती मुभा आज आहे का? शिक्षक याबाबत दबक्या आवाजात बोलतात, आणि त्यांची भीती निराधार नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावरची जाहीर टीका त्यांना महागात पडू शकते. जुलै 2025 मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत कर्मचाऱ्यांना नव्याने ताकीद दिली, ती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ही गोष्ट आजचीच नाही. कृष्णशास्त्री आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी संपादिलेलं 'शालापत्रक' सरकारला न रुचणारं लिहू लागलं आणि 1875 मध्ये ते बंद झालं. शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघणाऱ्या पत्राला बोलण्याची मर्यादा कुठे आहे, ते तेव्हाच कळलं होतं. तरीही मी एक फरक करतो. 'चौघांनी 35 लिहिलं आणि चूक माझ्या शिकवण्यात होती' ही शासनावरची टीका नाही. शिक्षकाने आपल्या कामाची घेतलेली ती झडती आहे. अशा नोंदीला गोपनीय अहवालात उणेपणा म्हणून धरलं जाणार नाही, एवढी हमी गटशिक्षणाधिकाऱ्याला कुठलाही नियम न बदलता देता येते. ती हमी मिळत नाही तोवर वहीत खरं लिहिलं जाणार नाही आणि सगळ्या वह्या आजच्यासारख्याच सुंदर अक्षरात खोटं बोलत राहतील.

लिहिणं ही ज्याची त्याची आवड आहे, सगळ्यांवर लादू नये, हा शेवटचा आक्षेप मी बिनशर्त मान्य करतो. काही चांगले शिक्षक बोलून विचार करतात. त्यांनी बोलावं, दुसऱ्याने टिपून घ्यावं. धुळ्याच्या तुरुंगातही बोलणारा एक आणि लिहिणारा दुसराच होता. वही कागदाची असावी की मोबाईलमधली, प्रमाण मराठीत असावी की अहिराणीत, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते तिच्या शेवटच्या पानावर शिक्का मारायला कुणी येणार नाही याला.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला 50 तास सांगितले आहेत. वेळ कुठून आणायचा याचं उत्तर तिथे आहे. एरंडोल पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला आणि तालुक्यातल्या सगळ्या केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे: येत्या जूनपासून महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास परिपत्रकं वाचून दाखवण्यातून सोडवून घ्या आणि तो फसलेल्या एका पाठाला द्या. एका शिक्षकाने मुलांची नावं गाळून आपलं एक पान वाचावं, बाकीच्यांनी त्यावर बोलावं. इतिवृत्तात त्याचा तपशील लिहू नका, फोटो काढू नका, अहवाल मागवू नका. आणि शक्य झालं तर पहिलं पान तुम्हीच वाचा, कारण पूर्वी तुम्हीही वर्गावर उभे होता आणि तुमचेही पाठ फसले आहेत.